वाटून घेतलेली खटक

झाडीपट्टी विद्यापीठाच्या पर्यावरण विभागात चार खुर्च्या होत्या, आणि त्या खुर्च्यांचा विद्यापीठाला भारी अभिमान. पाहुणा आला की आधी त्याला खुर्च्या दाखवायच्या, चहा नंतर. दंतवैद्याकडे असते तशी प्रत्येक खुर्ची, डोक्याशी तारांची टोपी, पाठीमागे एक लहानसा लाल दिवा. चारही टोप्यांच्या तारा मधल्या एका राखाडी पेटीत जात. तिचं नाव मनसेतू.

खिडकीजवळची खुर्ची डॉ. अनसूया पचारे यांची. त्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या. बाकीच्या तिघांत हणमंत घोलप भूजलाचे, रेजिना डाबरे समाजशास्त्राच्या आणि फिरोज तडवी अर्थशास्त्राचे. पर्यावरणाचा प्रश्न एका विद्याशाखेत मावत नाही, हे विद्यापीठाला उशिरा का होईना कळलं होतं आणि त्यांनी या चौघांना एका विभागात आणून बसवलं होतं. बसवलं खरं, पण ते बसतात कुठले! एकाच तळ्याकडे बघून घोलपांना पातळी दिसायची, रेजिनाला पाणी कोण भरतं आणि कोणाला भरू देत नाहीत ते दिसायचं, तडवींना पाण्याचा दर दिसायचा आणि अनसूयाला पाण्यात जिवंत काय आहे ते. प्रत्येकाला वाटायचं, बाकीचे तिघं वेळ घालवताहेत. शेवटी जो अहवाल निघायचा तो म्हणजे चार अहवाल, मध्ये एक टाचणी. सात सुगरणी आणि भाजी अळणी म्हणतात, तसला प्रकार.

मनसेतू बांधला तो विभागप्रमुखांनी, डॉ. पद्माकर असनारे यांनी. माणूस मूळचा मेंदूविज्ञानी, बोलणं मधाळ. पहिल्या दिवशी त्यांनी चौघांना समोर बसवून सांगितलं ते अनसूयाच्या पक्कं लक्षात राहिलं होतं.

"ज्ञानाचं काय, ते पुस्तकात मिळतं," असनारे म्हणाले होते. "पढिक माणूस आणि तज्ज्ञ यांच्यात फरक एकच. तज्ज्ञाला खटकतं. शंभर गोष्टी ठीकठाक असतात आणि एक नसते, ती त्याला सुखाने बसू देत नाही. ही खटक मेंदूत वर्षानुवर्षं मुरते, शिकवून देता येत नाही. पण मुरते म्हणजे कुठेतरी असते. आणि असते ती मोजता येते, मोजता येते ती दुसऱ्या मेंदूत पोचवता येते."

"म्हणजे मला घोलपांसारखं खटकायला लागेल?" अनसूयाने विचारलं.

"आणि घोलपांना तुमच्यासारखं. पंधरा दिवसांनी एकदा बसायचं, बस्स."

अनसूयाने मग तो प्रश्न विचारला होता. माझी खटक यांना दिली, तर माझ्याकडची कमी नाही का होणार? असनारे हसले. दिव्याने दिवा लावला तर पहिला दिवा मंद होतो का, अनसूयाबाई? सगळ्यांनी माना डोलावल्या. दृष्टान्त गोड असला की पुरावा कोणी मागत नाही, शास्त्रज्ञसुद्धा. तरी असनाऱ्यांनी खबरदारी म्हणून चौघांच्या परीक्षा घेतल्या, सेतूवर बसण्याआधी आणि नंतर. कोणाचा एक गुणही कमी झाला नाही. कमी कसा होईल? परीक्षेत ज्ञान तपासलं होतं, खटक नव्हे. ही चूक तेव्हा कोणाच्या ध्यानात आली नाही.

विभागाचा एक नियम होता. कुठल्याही अहवालावर सही करण्याआधी चौघांनी खुर्च्यांवर बसायचं, अहवाल मोठ्याने वाचायचा आणि टोपीला जोडलेल्या खटकमापकाचे आकडे बघायचे. शंभरपैकी पन्नासाच्या वर कोणाचा आकडा गेला की त्याच्या पाठीमागचा लाल दिवा लागायचा, आणि दिवा लागला की काम थांबायचं. मग ते कुलगुरूंचं असो की मंत्र्यांचं. सुरुवातीला रोज कोणाचा ना कोणाचा दिवा लागे. सगळ्यात जास्त अनसूयाचा. मग दिवे कमी कमी होत गेले. वर्षभरात एकही लागला नव्हता. अहवाल झकास एकजीव होऊ लागले, विभागाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि सगळ्यांनी या शांततेला एकमत असं नाव दिलं. विद्यार्थी मात्र वर्गात पेंगू लागले होते. पूर्वी या चार मास्तरांची भांडणं ऐकायला शेजारच्या विभागातली पोरं मागच्या बाकावर येऊन बसायची.

सेतूतून नको ते सामानही थोडंफार येई. लग्न न केलेल्या अनसूयाला एकदा प्रवासात एकदम वाटलं, पोरीच्या दप्तरात दम्याचं औषध ठेवलं ना? पोरगी तडवींची. आणि एकदा जेवताना घोलप घास हातात धरून म्हणाले, "आज दिगूचा फोन नाही आला का?" टेबलावर हशा पिकला. दिगू हा अनसूयाचा धाकटा भाऊ. घोलपांनी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं.

या दिगूवर अनसूयाचा जीव. पचारे म्हणजे बोरटोल्याचे ढीवर, पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकून जगलेले. आईबाप लवकर गेले, तेव्हा अनसूया सतरा वर्षांची आणि दिगंबर सहा. तिने त्याला वाढवलं, शिकता शिकता, मामाच्या घरी राहून. तो शिकला नाही, पण गावच्या मच्छीमार संस्थेचा सचिव झाला आणि बहिणीची थट्टा करायची एक संधी सोडेना. ती जेवायला बसताना मासा आधी हुंगून बघते म्हणून तो तिला मांजर म्हणायचा.

आता बोरटोल्याची खदान. गावाला लागून कोळशाची उघडी खाण होती. कोळसा संपला, कंपनी निघून गेली आणि मागे विहिरीसारखा उभ्या कड्यांचा प्रचंड खड्डा राहिला. त्यात पाणी साचलं, हिरवंगार आणि अतिशय खोल. विभागाने योजना आखली, तिथे मासे सोडायचे, संस्थेला धंदा, गावाला पाणी. रेजिनाने गावाशी बोलणी केली, तडवींनी हिशेब मांडला, घोलपांनी पाणी किती टिकेल ते सांगितलं. खोल पाण्यात प्राणवायू कमी होता. त्यासाठी तरंगत्या तराफ्यावर पंप बसवून तळापर्यंत नळी सोडायची आणि खालून हवा फुंकायची असं ठरलं. बोरटोल्यात जमलं की दुसऱ्याच दिवशी तेच मुरमाडीच्या खदानीत.

नमुने घ्यायला अनसूया स्वतः गेली होती. दोरीला बाटली बांधून निरनिराळ्या खोलीवरचं पाणी काढलं. वरचं पाणी स्वच्छ. मधल्या थरातलं आलं ते गुलाबी, जांभळ्याकडे झुकणारं. बूच उघडल्यावर सडक्या अंड्याचा किंचित वास.

त्या रंगाचा अर्थ तिला ठाऊक नव्हता असं नाही. तिने वर्गात तो वीस वेळा शिकवला होता. जिथे उजेड संपत येतो आणि खालून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू वर येतो, नेमक्या त्या सीमेवर हे जांभळे जीवाणू जगतात. तो वायू खाऊनच जगतात. म्हणजे ते भांड्यावरचं झाकण. झाकण दिसलं की खाली काय शिजतंय ते विचारायचं असतं. तीन वर्षांपूर्वी ही बाटली हातात आली असती तर तिने ती रात्र जागून काढली असती आणि सकाळी असनाऱ्यांच्या टेबलावर आपटली असती. आता तिने बाटली उजेडात धरली, रंग छान आहे असं तिच्या मनात आलं, थोडं खटकलंही, आणि तिने ती खुर्च्यांच्या खोलीतल्या फळीवर ठेवली.

अहवालाच्या वाचनाला चौघं खुर्च्यांवर बसले. जांभळ्या थराचं वाक्य आलं तेव्हा आकडे हलले. अनसूया चोवीस, घोलप तेवीस, रेजिना बावीस, तडवी चोवीस. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. आपल्याला जरा खटकतंय, पण बाकीच्यांनाही तेवढंच खटकतंय, म्हणजे विशेष काही नसणार, असं चौघांच्याही मनात एकाच वेळी आलं. असनाऱ्यांनी सरासरी काढली. तेवीस. पन्नासाच्या निम्मीही नाही.

सह्या झाल्या.

पंप सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दिगूचा फोन आला. पंप सुरू करायचा मान संस्थेने त्याला दिला होता, म्हणून स्वारी खुशीत होती. येतेस का म्हणून विचारत होता. अनसूया म्हणाली, बैठक आहे, जमायचं नाही.

"बाई, तू आता भांडत नाहीस मायासंगं," तो म्हणाला. "पहिले मी पाण्यात उतरतो म्हटलं का तू दहा गोष्टी सुनवत होतीस. थंडी आहे, खोल आहे, वास घे, अमकं पाहा. आता काही म्हटलं का नुसती हाव हाव करतेस. मांजर म्हातारी झाली का?"

"तू मोठा झालास आता," अनसूया म्हणाली, आणि ते तिला खरंच वाटलं.

सकाळी वारा नव्हता, धुकं होतं. दिगू तराफ्यावर एकटा गेला, बाकीची मंडळी वर कड्यावर नारळ घेऊन उभी. पंप सुरू झाला, पाण्याला उकळी फुटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. वास आला म्हणतात, मग एकदम येईनासा झाला, आणि सगळ्यांना वाटलं, गेला. तळातला तो वायू जास्त झाला की नाकच मारतो, हे कड्यावर कोणाला माहीत असणार? दिगू खाली वाकला, गुडघ्यावर बसला आणि झोप आल्यासारखा आडवा होऊन पाण्यात घसरला. तेवढ्यात बुडबुड्यांच्या धक्क्याने पंपाची नळी तुटली म्हणून वरचे लोक वाचले. पंचनाम्यात लिहिलं, पाय घसरून बुडून मृत्यू. ढीवराचं पोर बुडून मेलं! गावाने ते कागद ऐकून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठाची जीप बोरटोल्यात आली. अनसूया पडवीत पाहुण्यांना चहा देत होती. साखर कमी पडेल का, हे ती दोनदा आत जाऊन बघून आली होती. बायका कुजबुजत होत्या, बाईच्या डोळ्याला पाणी कसं नाही? तिलाही ते जाणवत होतं. आपला दिगू गेला, हे तिला कळत होतं, आणि वाईटही वाटत होतं. दूरचा कोणी गेल्यावर वाटतं तेवढं.

जीपमधून तडवींना उतरवेना. साठीला आलेला तो धिप्पाड माणूस दाराला धरून ढसाढसा रडत होता. घोलपांचा चेहरा सुजलेला, कालपासून त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. रेजिना आली आणि अंगणातल्या जाळ्यापाशी खालीच बसली. ते जाळं हातात घेऊन म्हणाली, याने मला मांजर म्हणायचं बंद केलं गं.

अनसूयाच्या हातातली कपबशी तशीच राहिली.

या तिघांनी दिगूला कधी पाहिलेलं नाही. मग हे रडतात कोणाचं रडणं? तिने तिघांकडे नीट पाहिलं, एकेकाकडे. प्रत्येकाकडे थोडं थोडं होतं. तिच्याकडे होतं तेवढंच, कमी नाही आणि जास्त नाही. फरक एवढाच की ती माणसं अचानक आलेल्या परक्या दुःखाने भांबावली होती, आणि तिला ते आपलं म्हणून अपुरं पडत होतं. तिला पडवीत असनारे दिसले. ती त्यांच्यापाशी गेली.

"सर, बोरटोल्याच्या वाचनातले आकडे आठवतात?"

"सरासरी तेवीस," असनारे म्हणाले. "बाई, आज नको तो विषय."

"सरासरी नको. बेरीज करा."

असनाऱ्यांचे ओठ हलले. चोवीस, तेवीस, बावीस, चोवीस. मग त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"त्र्याण्णव," अनसूया म्हणाली. "माझी एकटीची होती ती, सर. तुम्ही दिव्याचं उदाहरण दिलं होतं. तो दिवा नव्हता, तूप होतं. चौघांच्या पानात वाढलंत, तेव्हा माझ्या पानात पाव राहिलं. त्र्याण्णव खटकलं असतं तर मी दिगूला त्या तराफ्यावर पाय ठेवू दिला असता का?"

हे ती कसं बोलली? अगदी वर्गात बोलावं तसं. आवाज चढला नाही, आणि तेच असनाऱ्यांना सहन झालं नाही. त्यांनी तोंड फिरवलं. मग त्यांना मुरमाडी आठवली. तिथला पंप आज दुपारी बाराला सुरू व्हायचा होता, आणि तिथे कडा उतरता होता म्हणून समारंभ खाली, पाण्याच्या काठावरच ठेवला होता. शाळेची पोरं लेझीम खेळणार होती.

हे चौघांनाही माहीत होतं. जीपमध्ये त्यावर बोलणंही झालं होतं. तडवी रडत रडत म्हणाले होते, पुढच्या बैठकीत विषय घेऊ. अनसूयालाही काल रात्री घोलपांनी फोनवर तेच विचारलं होतं, आणि ती हो म्हणाली होती. आपण हो म्हणालो, याचं तिला आता थोडं आश्चर्य वाटलं. थोडंच.

असनाऱ्यांनी तिथल्या तिथे मुरमाडीच्या कंत्राटदाराला फोन लावला. तो म्हणाला, पंचनाम्यात तर बुडाला असं आहे, आणि तज्ज्ञ तुम्ही नव्हे, त्या बाई. बाईंना द्या. अनसूयाने फोन घेतला. "थांबवलेलं बरं," ती म्हणाली. "खाली वायू असण्याची शक्यता आहे." कंत्राटदाराने विचारलं, नक्की का? ती म्हणाली, शक्यता बऱ्यापैकी आहे. बघतो, म्हणून त्याने फोन ठेवला. त्याचं तरी काय चुकलं! इतक्या थंड आवाजात कोणी सांगितलं तर कोण मांडव मोडेल?

मग मात्र अनसूया म्हणाली, चला. विद्यापीठ तासाभरावर होतं.

चौघं आपापल्या खुर्चीत बसले. सेतू उलटा चालवता येतो, असनारे म्हणाले, ज्याचं त्याला परत ओतता येतं. पण पेटीचं बटण त्यांनी दाबलं नाही.

"निवडून घेता येणार नाही, बाई. पाणी, वायू, भाऊ, सगळं एकदम येईल. तुम्ही सही केलीत, तेही येईल."

"येऊ द्या."

रेजिनाने हात लांब करून तिचं मनगट धरलं. "थोडं राहू दे माझ्याकडे," ती म्हणाली. "एकटीला जड जाईल गं."

"थोडं थोडं ठेवूनच हे झालंय, रेजिना."

असनाऱ्यांनी सेतू सुरू केला.

आधी नाक परत आलं. फळीवरच्या बाटलीचं बूच नीट बसलेलं नव्हतं आणि त्या खोलीत तो वास तीन आठवडे होता, हे तिला कळलं. मग रंग दिसला. छान म्हटलेला तो रंग, एखाद्या जखमेचा असावा तसा. झाकण, झाकणाखालचं सगळं, तळापर्यंत सोडलेली नळी, वारा नसलेली सकाळ, उभे कडे, सगळं एकापाठोपाठ एक येऊन आदळलं. आणि त्यामागून दिगू आला. सहा वर्षांचा, आई कुठे गेली विचारणारा. मासा हुंगताना तिला चिडवणारा. आता नुसती हाव हाव करतेस म्हणणारा. त्याने विचारलं होतं, आणि तिने त्याला काय उत्तर दिलं होतं? तू मोठा झालास आता.

समोरच्या तीन खुर्च्यांवर तीन माणसं सावरून बसली. तडवींनी हातातल्या ओल्या रुमालाकडे पाहिलं, मग घाईघाईने खिसे चाचपले आणि लेकीच्या औषधाचं विचारायला घरी फोन लावला. घोलप म्हणाले, भूक लागली आहे. रेजिना अनसूयाकडे बघत होती, काळजीने, पण शेजारीण बघते तशी.

अनसूयाने हंबरडा फोडला. विद्यापीठाच्या त्या इमारतीत असा आवाज कोणी कधी ऐकला नव्हता, वरच्या मजल्यावरचे वर्ग थांबले. तिच्या पाठीमागचा दिवा लागला, लालभडक. असनारे त्या दिव्याकडे बघत भिंतीला टेकले. तोवर ती टोपी ओरबाडून उठली होती, अडखळत टेबलापाशी गेली होती आणि मुरमाडीला फोन लावला होता. मागून लेझमीचा आवाज ऐकू येत होता.

"पंप लावू नका! पोरं वर घ्या, सगळी वर घ्या, खाली एक माणूस ठेवू नका! माझा भाऊ मेला त्याने, बुडून नाही मेला, मी मारला, मी सही केली, ऐकताय का? आधी पोरं वर घ्या!"

कंत्राटदार गडबडला. "मॅडम, मॅडम, रडू नका," तो म्हणाला. "काय ते शांतपणे सांगा."

"शांतपणे एकदा सांगून झालंय, दादा," अनसूया म्हणाली, आणि रडत राहिली, ओरडत राहिली, लेझमीचा आवाज थांबेपर्यंत.